थांबण्याची तजवीज

जुनी गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एकदा निवांत बघावं. आधी गाडीभोवती उलटसुलट दोन-चार प्रदक्षिणा होतात. दारावर टिचक्या मारून होतात. बॉनेट उघडायला लावून, आत वाकून, काही उमगलं नाही तरी "हं" म्हणून होतं. टायरच्या नक्षीतून नख फिरतं, एसी लावून जाळीसमोर हात धरला जातो. ॲव्हरेज किती, विमा कधीपर्यंत, पासिंग कुठलं, हे सगळं खोदून विचारलं जातं. केए-२२ म्हणजे बेळगाव, केए-२३ म्हणजे चिक्कोडी, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. एवढ्या तीन पाट्यांवरून सीमाभागातला माणूस गाडीमालकाचं गाव, बोली आणि बहुतेक वेळा मतही ओळखतो.

ब्रेकबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. काढलंच तर विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "एकदम कडक आहेत." कडक म्हणजे नेमके कसे, हे दोघांनाही ठाऊक नसतं आणि व्यवहार पुढे सरकतो. गाडी घरी आली की सीट कव्हरं येतात, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव येतं, डिकी भरेल एवढे स्पीकर येतात. ब्रेक पॅडचा विषय काढा, तोच माणूस म्हणतो, "लागतोय की अजून. बघू पुढच्या महिन्यात." जाण्यासाठी आपण हौसेने पैसे मोजतो, थांबण्यासाठी मोजायचे म्हटलं की जिवावर येतं.

आमची झेन २००३ सालची. पंधरा वर्षं भरल्यावर आणि पुढे आणखी पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं. त्या खटाटोपाविषयी इथे लिहीत नाही, त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. मारुतीने झेन बनवणं २००६ सालीच थांबवलं, त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात आमच्या गाडीचं नाव घेतलं की काउंटरवरचा पोरगा आधी आपल्याकडे बघतो, मग मालकाकडे. पुढे डिस्क, मागे ड्रम, अशी तिची व्यवस्था. पुढच्या चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक गोल थाळी फिरत असते. पाय दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पुस्तकात त्या थाळीला रोटर म्हणतात, आमच्या गॅरेजात ती डिस्क. बाकी सगळी गाडी टिकावी म्हणून बनवलेली असते. पॅड तेवढे झिजावेत म्हणून बनवलेले असतात.

आता आमचा रस्ता. बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पुणे-बेंगळूर महामार्ग, पूर्वीचा ४ नंबर, हल्लीचा ४८. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. काकती मागे पडली की वंटमुरीचा उतार, मग हत्तरगी, संकेश्वरला हिरण्यकेशी, पुन्हा चढ, आणि शेवटी तवंदीचा घाट उतरला की निपाणी. आंबोली किंवा फोंडा घाट पाहिलेला माणूस यांना घाट म्हणायला तयार होणार नाही. त्याचं बरोबर आहे, वळणं थोडी आणि रस्ता रुंद. पण त्यामुळेच वेग वाढतो आणि वाढलेला कळत नाही. तवंदीत ब्रेक निकामी होऊन कंटेनर आडवा झाल्याची बातमी इकडच्या पेपरात अधूनमधून असतेच. घाटातच स्तवनिधीचं जैन क्षेत्र आहे. तिथे थांबून हात जोडणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यातले सगळेच काही जैन नसावेत.

त्यातून उसाचा हंगाम असला तर बोलायलाच नको. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, शिवाय आजूबाजूचे कारखाने पेटले की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या. पुढे ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की मागे कोण हॉर्न वाजवतंय याची ड्रायव्हरला दाद नसते. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, ब्रेकचा तर प्रश्नच येत नाही, वाड्यांच्या टोकाला एखादं लाल फडकं. अंधारात ते फडकं दिसतं तेव्हा तुमच्या हातात फार काही उरलेलं नसतं, पायात असलं तर असतं.

शाळेत शिकलेलं पदार्थविज्ञान इथे कामाला येतं. गाडी, चार माणसं आणि सासुरवाडीने डिकीत घातलेल्या पिशव्या, असं सगळं मिळून एक टन धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेला हा टन जागेवर थांबवायचा, तर त्याची सगळी धाव उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाण्याला उकळी येते. म्हणजे ट्रॉलीमागे एकदा करकचून ब्रेक मारला, की सात-आठ जणांच्या चहाचं आधण तापलं, आणि तेही बहुतेक सगळं पुढच्या दोन थाळ्यांवर. आता आंबोली घ्या. आमच्याकडची माणसं पावसाळ्यात धबधबा बघायला आणि एरवी सावंतवाडीला जायला तो घाट उतरतात. सहाशे मीटर तरी खाली यायचं. सगळा उतार नुसत्या ब्रेकवर निभावायचा म्हटलं तर अठरा-एकोणीस लिटरचं आधण होतं. हे लग्नघरातलं पातेलं झालं, आणि खाली चूल म्हणून तळहातापेक्षा लहान चार पॅड.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. इंजिनाने धरून ठेवलं की ब्रेकच्या वाट्याला थोडकंच येतं. याच्या नेमका उलटा एक पंथ आमच्याकडे आहे, वंटमुरीच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांचा. पेट्रोल वाचतं म्हणे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेल. इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल बंद होतं, आणि न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. हे मी या पंथाच्या एका ज्येष्ठ अनुयायाला सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल, पण न्यूट्रलला गाडी कशी हलकी वाटते बघा."

हलकी वाटते, ते खरंच आहे.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीतून आवाज यायला लागला. हळू जाताना, ब्रेक दाबताना, पुढून कुठून तरी बारीक किरकिर. गाडीचा आवाज हा आपल्याकडे सार्वजनिक चर्चेचा विषय असतो. शेजारच्या जोशीकाकांनी अंगणातूनच फॅन बेल्ट असल्याचं जाहीर केलं. भाच्याने मोबाइलवर काहीतरी पाहून सस्पेन्शन म्हटलं. निपाणीला सासऱ्यांनी, आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं असलं तरी, चाकाला हात न लावता सांगितलं, "जावईबापू, बेअरिंग हाय. उद्याच बघून घ्या." सौभाग्यवतींचं मत पडलं की गाडी विकावी. खानापूर रोडवरच्या आमच्या मेस्त्रींना कुणी काही विचारलं नव्हतं. गाडी त्यांच्या दाराशी वळत होती तेवढ्यात ते हातातला पाना न ठेवता म्हणाले, "पॅड संपल्यात की ओ सर."

पॅडच्या पाठीला पोलादाची एक बारकी पट्टी बसवलेली असते. पॅड झिजून पातळ झाला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. गाडी बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली ओरड ती. पुढे दुर्लक्ष झालं तर पॅडचा मसाला पुरता संपतो, मागची पोलादी पाठ डिस्कवर घासायला लागते आणि किरकिरीची जागा खरखर घेते. तो आवाज आला की पॅडच्या बिलात डिस्कचं बिल मिळवायचं.

डिस्कच्या ब्रेकला ओरडण्याचा वारसा जन्मापासूनच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने पॅड तांब्याचे केले होते, आणि ते असे काही कर्कश ओरडत की लोक कानांवर हात ठेवत. गाड्यांनी ड्रमचाच संसार पुढे चालवला. डिस्क खरी पुढे आली ती १९५३ साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डिस्क ब्रेक लावलेली जग्वार तिथे पहिली आली. वेगवान गाडी जिंकली असंच तेव्हाही बहुतेकांना वाटलं असणार. खरं तर ती इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारू शकत होती, म्हणून तिला जास्त वेळ पळता आलं.

गाडी जॅकवर चढली. मागच्या चाकांना दगड लावले, जॅकच्या शेजारी घोडी उभी केली. हे मेस्त्री कधीही चुकवत नाहीत, जॅकवर त्यांचा माणसापेक्षाही कमी विश्वास आहे. चाक निघालं, पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सुटले. कॅलिपर बाहेर आला की नवशिक्या पोरगा त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर तसाच लोंबकळत सोडतो. नळी आतून फाटते आणि कळायला सहा महिने लागतात. मेस्त्रींनी बाइंडिंगच्या तारेने तो वर स्प्रिंगला टांगला. पॅड हातात घेतले. आतल्या बाजूचा बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. "पिन जाम झाल्यात. ग्रीस कुणी लावलंच न्हाई," ते कुणाला उद्देशून नव्हे, पिनेकडेच बघत म्हणाले. मग डिस्कच्या कडेवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. जिथे पॅड पोचत नाही तिथे कडेला लोखंडाचा ओठ उभा राहिलेला. नख तिथे अडकलं. थाळीवर गोल गोल नाल्या पडलेल्या. व्हर्नियर लावून त्यांनी जाडी घेतली आणि डिस्कच्या कडेवरचा गंज पॉलिश पेपरने घासला. खाली बारीक ठोकलेला आकडा निघाला, या जाडीच्या खाली वापरू नये, असा. इतकी वर्षं तो तिथे लिहिलेला होता, चाकाच्या आत, चिखलाखाली.

इथे गॅरेजात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लेथवर फेस मारून घ्या, पाचशे-सहाशेत काम. दुसरा म्हणतो, नवीन टाका. मेस्त्रींच्या पुतण्याचा ओढा लेथकडे, कारण लेथवाला त्याचा दोस्त. माझं मत विचाराल तर पातळ झालेल्या डिस्कला आणखी सोलून काढणं हा जमाखर्च मला कधी पटला नाही. तापायला जेवढं लोखंड कमी तेवढी ती लवकर तापणार. भारी किमतीच्या गाडीला लेथ परवडत असेल. लहान गाडीची डिस्क नवीच घ्यावी. जुन्या डिस्कवर नवे पॅड चढवणारेही पुष्कळ असतात. नाल्यांवर नवा पॅड बसायला वेळ घेतो, तोवर ब्रेक निम्माच लागतो. आणि तेवढ्या दिवसांत तवंदी काही सपाट होत नाही.

डिस्क हबवर गंजून चिकटली होती. गंज सोडवायचा फवारा मारला, वाट पाहिली, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला. पुन्हा फवारा, पुन्हा वाट. पुतण्या हवेचा पाइप आणून धूळ उडवायला निघाला तर मेस्त्री ओरडले. पूर्वी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ वर्षानुवर्षं तोंडाने फुंकणाऱ्यांची छाती कशी जाते ते त्यांनी उस्तादांच्या रूपाने पाहिलेलं होतं. आता धूळ ओली करून पुसायची, हा त्यांच्याकडचा कायदा.

अशा वेळी गाडीमालकाला काम नसतं. मेस्त्री त्याला स्टूल देतात आणि तो विचार करत बसतो. मला आठवली बर्था बेंझ. गाडीचा शोध लावणाऱ्या कार्ल बेंझची ही बायको. नवऱ्याची गाडी लोकांना पटत नव्हती, नवरा बाहेर काढायला बिचकत होता. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये ही बाई त्याला न विचारता दोन मुलांना घेऊन गाडीने माहेरी निघाली, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला. शंभर किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे बेळगावहून कोल्हापूरला जावं एवढं. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा एका गावात चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते. माहेरी निघालेल्या बाईने, चांभाराकडून.

त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं वय मोजतो, कारण त्या वर्षीचं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावातलं सायकलचं दुकान. लक्ष्मणराव बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. पुढे त्यांनी इथे लोखंडी नांगर ओतले. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. मग नगरपालिकेने जागा सोडायला लावली आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने एक कारखानदार घालवला, पण ओतकाम घालवलं नाही. उद्यमबागेत आजही लोखंड वितळतं, तिकडे कोल्हापूरला उद्यमनगर आणि शिरोली आहेच. ब्रेकची डिस्क म्हणजे तरी काय, वाळूच्या साच्यात ओतलेलं करडं बिडाचं लोखंड. त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. ते उष्णता पसरवतात आणि थरथर जिरवतात. ओतीव नांगराचं आणि डिस्कचं घराणं एकच आहे.

चांभाराचं तर विचारूच नका. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्यात कोल्हापूर आहे आणि बेळगावही आहे. निपाणी आणि अथणीची चप्पल कोल्हापूरच्या दुकानात कोल्हापुरी म्हणूनच विकली जाते आणि पायाला तक्रार नसते. १९५६ पासून ज्यांचं एका रेषेवर एकमत झालेलं नाही, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून ज्यांचा दावा पडून आहे, ती दोन सरकारं चपलेवर मात्र एकत्र आली. बर्थाबाई इकडच्या रस्त्याने निघाल्या असत्या तर ब्रेकला लावायच्या चामड्याची ददात नव्हती.

सामान आणायला पुतण्याबरोबर मी गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे ठेवले. एक कंपनीचा, एक 'कंपनीसारखा' आणि एक नुसताच. तिसऱ्या डब्यावर कंपनीचं नाव होतं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. दुकानदार मराठी बोलत होता, माल देणाऱ्या पोऱ्याशी कन्नड, फोनवर हिंदी, आणि भाव सांगताना इंग्रजी. भाव इंग्रजीत सांगितला की घासाघीस कमी होते असा त्याचा अनुभव असावा. आम्ही पहिला डबा घेतला. डिस्क जोडीनेच घ्यायची, पॅड दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते. यावरून आमच्या ओळखीचे एक जुने सीमासत्याग्रही आठवतात. त्यांच्या ॲम्बॅसडरचा ब्रेक एका अंगाला ओढायचा. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "कोल्हापूरकडं जाताना सरळ जातीया. परत येतानाच तिला यायचं नसतंय."

नव्या पॅडसाठी कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. तो मागे गेला की वर बाटलीतलं ब्रेक ऑइल चढतं आणि लक्ष नसलं तर उतू जातं. ते रंगावर सांडलं की रंग उचलतो, म्हणून मेस्त्रींनी आधीच चिंधी गुंडाळली होती. ऑइल काळपट झालं होतं, तेही बदलायचं ठरलं. हे ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं. कोऱ्या डॉट-३ ऑइलला उकळायला किमान २०५ अंश लागतात. ओलावा मुरला की १४० अंशांनाच ते उकळू शकतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि ऐन घाटात पाय भसकन खाली जातो. बेळगाव-खानापूरच्या पावसात चार महिने उभ्या असलेल्या गाडीने किती पाणी प्यायलं असेल, याचा हिशेब करायला नको.

ऑइल बदललं की नळ्यांतली एअर काढायची. हे एकट्याचं काम नाही. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. सौभाग्यवती तोवर बँकेतलं काम उरकून तिथे आल्या होत्या. मी पुढे होऊन सीटवर बसणार, तर मेस्त्रींनी मला थांबवलं. "सर, तुम्ही चहा सांगा. नवरा-बायको एकत्र या कामाला घेत न्हाई मी. निम्मी भांडणं माझ्या दारात झाल्यात." सौभाग्यवतींना त्यांनी सीटवर बसवलं आणि सगळ्यांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकाशी हुक्केरीकडच्या पोऱ्याला. त्याला मराठी कळतं, पण घाईत तोंडातून कन्नड येतं. ही निपाणीची, हिचं अडत नाही.

"ओत्तरी, ओत्तरी, ओत्तरी... हिडीरी!"

तिने तीनदा दाबून पाय धरून ठेवला. पोऱ्याने पान्याने निपल अर्धा आटा सैल केलं. पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि मागोमाग बुडबुड्यांची माळ बाटलीत उतरली. पेडल तिच्या पायाखाली खाली खाली गेलं.

"बिडब्याडरी!"

इथेच सगळी मेख असते. निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला, की नळी हवा परत आत ओढते आणि मुळापासून सुरुवात. पाय खाली गेलेला असतो, सगळं शरीर सांगत असतं की आता सोड, आणि चाकामागून न दिसणारा माणूस सांगतो सोडू नको. तिने सोडला नाही. निपल आवळलं गेलं.

"हां, बिडरी."

चारही चाकं अशी झाली. शेवटच्या चाकाला आज्ञांची गरजच उरली नव्हती. पोऱ्याने नुसतं पान्याने कॅलिपरवर टक् केलं की ती दाबत होती. मी तिन्ही चहा हातात घेऊन उभा होतो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. उतरल्यावर ती मेस्त्रींना म्हणाली, "पेडल आता वरच लागूलालंय." मेस्त्रींनी मान डोलावली. माझ्या इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकीत त्यांनी माझ्या एकाही निदानाला मान डोलावलेली नाही.

बिल देताना त्यांनी बजावलं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. करकचून मारायचा नाही, पन्नासवरून वीसवर असा हळूहळू आणायचा, मध्ये डिस्कला वारा खाऊ द्यायचा. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला तेवढा वेळ घेतात. आणि गाडी सुरू करायच्या आधी पेडल चार वेळा दाबा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबात पाय थेट फरशीला लागतो. असं एक गिऱ्हाईक त्यांच्या गॅरेजातून निघून समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलं होतं, ब्रेकने नव्हे.

निपाणीला गेलो तेव्हा सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण तवंदीच्या उतारावर त्या उजवा पाय पायपुसण्यात रुतवून बसतात. नवे ब्रेक घातलेत, असं सांगून पाहिलं. "तुमचे तुम्ही घाला," त्या म्हणाल्या आणि पाय तसाच ठेवला. सासऱ्यांनी किरकिर थांबल्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेअरिंग बदललं न्हवं?"

काढलेल्या डिस्क मेस्त्रींनी ठेवून घेतल्या. मला वाटलं भंगारात देणार, पण गॅरेजच्या मागच्या भिंतीला अशा डिस्कची चळतच लावलेली आहे. जड असतात, तळ सपाट असतो, मधल्या भोकावर पट्टी वेल्ड करून पाइप उभा केला की झेंड्याला बैठक तयार. शिवजयंतीच्या आधी मंडळाची पोरं येतात, पहिली नोव्हेंबर जवळ आली की राज्योत्सववाली पोरं येतात. त्याच दिवशी काळा दिवस पाळून सायकल फेरीत जाणारेही त्याच्या आदल्या संध्याकाळी सायकलचे ब्रेक आवळून घ्यायला इथेच थांबतात. कुठला झेंडा लावणार, हे मेस्त्री विचारत नाहीत. वारा कुठल्या बाजूचा आणि पाइप किती उंच, एवढंच विचारतात.

आमची डावी डिस्क भगव्याखाली गेली. उजवी लाल-पिवळ्याखाली. पाइप दोन्हींना सव्वा इंचीच लागला, आणि वेल्डिंगचे पैसे अजून दोन्हीकडून यायचे आहेत.